‘सल्फेट-फ्री’ लिहिणाऱ्यांनो, बीटेनबद्दलही बोला

प्रति,
फेसवॉश, शाम्पू, बॉडीवॉश आणि मायसेलर वॉटर बनवणाऱ्या कंपन्यांचे सूत्ररचनाकार, गुणवत्ता विभाग आणि लेबलवरचा मजकूर ठरवणारी मंडळी यांस,

सप्रेम नमस्कार.

तुमच्या बाटल्यांच्या दर्शनी बाजूला आत काय नाही हे ठळक अक्षरांत लिहिलेलं असतं. सल्फेट नाही, पॅराबेन नाही, अमुक नाही, तमुक नाही. आत काय आहे हे वाचायचं तर बाटली फिरवून डोळ्यांजवळ धरावी लागते. तशी धरली की घटकांच्या यादीत पाण्यापाठोपाठ पहिल्या चार-पाच नावांत एक नाव बहुतेक वेळा सापडतं: कोकामिडोप्रोपिल बीटेन (या पत्रात थोडक्यात बीटेन). लहान मुलांच्या शाम्पूत ते असतं, संवेदनशील त्वचेसाठीच्या फेसवॉशमध्ये असतं, हात धुण्याच्या द्रव साबणात असतं. हे पत्र त्या घटकाबद्दल आहे.

मी सौंदर्यप्रसाधनांचा कच्चा माल तपासणाऱ्या प्रयोगशाळेत काम करते. हा घटक पिवळसर, पाण्यासारखा पातळ द्रव म्हणून पिंपांतून येतो आणि त्याचे नमुने आमच्या टेबलावर येतात. त्याच्याशी माझं वैर नाही. आज वापरात असलेल्या सर्फॅक्टंटमध्ये, म्हणजे तेल-मळ काढणाऱ्या रसायनांमध्ये, तो चांगल्यांपैकी आहे असंच माझं मत आहे. माझी तक्रार आहे ती त्याच्याबद्दल तुम्ही जे अर्धवट बोलता त्याबद्दल. एका घटकाच्या नावाने घाबरवायचं आणि दुसऱ्याच्या नावाने निर्धास्त करायचं, हा तुमचा शिरस्ता झाला आहे. त्वचेला नावं कळत नाहीत. तिच्यावर काय, किती, किती वेळ आणि किती शुद्ध स्वरूपात आलं, एवढंच तिच्यापर्यंत पोहोचतं.

आधी या घटकाचं श्रेय त्याला देते, कारण तेही तुम्ही नीट सांगत नाही.

सर्फॅक्टंटच्या रेणूचं एक टोक पाण्याकडे ओढलं जातं, दुसरं तेलाकडे. पाण्यात पुरेशा संख्येने जमले की हे रेणू तेलाची टोकं आत आणि पाण्याची टोकं बाहेर ठेवून गोळा होतात. त्या गोळ्याला मायसेल म्हणतात. त्वचेवरचं तेल, धूळ, मेकअप या मायसेलमध्ये अडकून पाण्याबरोबर निघून जातो. सोडियम लॉरिल सल्फेटसारख्या सर्फॅक्टंटच्या डोक्यावर ऋण विद्युतभार असतो. बीटेनच्या डोक्यावर धन आणि ऋण असे दोन्ही भार असतात. दोघांना एकत्र आणलं की सल्फेटच्या ऋण डोक्यांमधलं एकमेकांना ढकलणं कमी होतं, मिश्र मायसेल तयार होतात, ते कमी प्रमाणातही जमतात आणि सुटे फिरणारे सल्फेटचे रेणू घटतात. बाहेरच्या थरातल्या प्रथिनांना चिकटून त्यांना फुगवणारे आणि मेदांच्या थरात घुसणारे मुख्यतः हे सुटे रेणूच असतात असं बराच काळ मानलं गेलं. लहान मायसेलही आत शिरू शकतात, हे नंतरच्या संशोधनातून पुढे आलं. सुट्या रेणूंची संख्या घटवणं आणि मायसेलचा आकार वाढवणं, दोन्ही कामं बीटेन करतो. म्हणून सल्फेटवाल्या शाम्पूत बीटेन घातला की सर्फॅक्टंटचं एकूण प्रमाण वाढूनही त्वचेला होणारा त्रास कमी होतो. ऐकायला उलटं वाटतं, पण सूत्ररचनेच्या टेबलावर हे रोज दिसतं.

याशिवाय तो फेस दाट आणि टिकाऊ करतो. चिमूटभर मिठाबरोबर मायसेलना लांबट आकार देतो आणि पाण्यासारखा द्रव ओतताना मधासारखा दाट वाटू लागतो. मीठ एका मर्यादेपुढे गेलं की तोच दाटपणा कोसळतो. ही मर्यादा शोधण्यात तुमच्यापैकी अनेकांनी दुपारच्या दुपार घालवल्या असतील.

म्हणजे घटक गुणी आहे. आता उरलेलं अर्धं.

हा रेणू बनतो कसा? खोबरेल किंवा पाम कर्नल तेलातली मेदाम्लं घेतात. खोबरेलात त्यांपैकी जवळपास निम्मा वाटा लॉरिक आम्लाचा असतो. त्यांची डायमिथिलअमिनोप्रोपिलअमाइन नावाच्या रसायनाशी (पुढे यालाच मूळ अमाइन म्हटलं आहे) जास्त तापमानाला अभिक्रिया घडवतात. त्यातून अमिडोअमाइन तयार होतं. मग त्या अमिडोअमाइनची पाण्यात सोडियम मोनोक्लोरोअॅसिटेटशी अभिक्रिया होते आणि बीटेन तयार होतो, सोबत साधं मीठ. अभिक्रिया कधीच शेवटच्या रेणूपर्यंत पूर्ण होत नाही. त्यामुळे पिंपात बीटेनबरोबर थोडं न वापरलं गेलेलं अमिडोअमाइन, अगदी थोडं मूळ अमाइन आणि क्लोरोअॅसिटेटचे अवशेष राहतात. किती राहतात, ते कारखान्याने किती वेळ आणि किती काळजी खर्च केली यावर ठरतं. पहिल्या टप्प्यातलं जादा अमाइन तापवून, नायट्रोजन सोडून काढून टाकता येतं. दुसऱ्या टप्प्यात क्लोरोअॅसिटेट किंचित जास्त घेतलं तर अमिडोअमाइन जवळजवळ संपतं, पण मग उरलेलं क्लोरोअॅसिटेट अल्कधर्मी द्रावणात तापवत ठेवून नष्ट करावं लागतं. प्रत्येक पायरीला अभिक्रियापात्र काही तास अडकून पडतं. घाईत उतरवलेला माल आणि सबुरीने पूर्ण केलेला माल दिसायला सारखेच असतात. फरक कळतो तो टायट्रेशन आणि क्रोमॅटोग्राफी या प्रयोगशाळेतल्या मोजणीच्या पद्धतींत.

हा फरक महत्त्वाचा का? कारण बीटेनची म्हणून जी संपर्कजन्य ॲलर्जी ओळखली जाते, तिचं मूळ बहुतांशी या अवशेषांत आहे. शाम्पूमुळे झालेल्या त्वचादाहात या घटकाचं नाव 1980 च्या दशकात वैद्यकीय नोंदींत यायला लागलं. पुढच्या वर्षांत युरोप आणि अमेरिकेतल्या त्वचारोगतज्ज्ञांनी रुग्णांची वेगवेगळ्या अवशेषांसह पॅच टेस्ट (संशयित पदार्थ त्वचेवर पट्टीखाली ठेवून पाहण्याची चाचणी) घेतली, तेव्हा प्रतिक्रिया देणाऱ्यांपैकी अनेकांची त्वचा मूळ अमाइनला किंवा अमिडोअमाइनला लाल होत होती. शुद्ध केलेल्या बीटेनला मात्र प्रतिक्रिया क्वचितच उमटत होती. 2004 मध्ये अमेरिकन काँटॅक्ट डर्माटायटिस सोसायटीने कोकामिडोप्रोपिल बीटेनला त्या वर्षीचा लक्षवेधी ॲलर्जन, म्हणजे ॲलर्जी घडवणारा पदार्थ, म्हणून जाहीर केलं. अमेरिकेतल्या कॉस्मेटिक इन्ग्रेडियंट रिव्ह्यू या परीक्षण समितीने 1991 मध्ये त्वचेवर राहणाऱ्या उत्पादनांसाठी 3 टक्क्यांची मर्यादा सुचवली होती. 2012 मध्ये प्रसिद्ध झालेल्या फेरपरीक्षणात तिने हा घटक सुरक्षित ठरवला, पण एका अटीवर: उत्पादन असं बनवा की त्याने त्वचा संवेदनशील होणार नाही. ही अट पाळण्याची जबाबदारी तुमच्यावर आहे. आणि ती पाळली की नाही, हे ग्राहकाला कळण्याची कुठलीही सोय तुम्ही ठेवलेली नाही. घटकांच्या यादीत बीटेनचं नाव येतं, अवशेषांचं येत नाही. दोन वेगळ्या कारखान्यांतला माल, एकात अवशेष नाममात्र, दुसऱ्यात भरपूर, आणि लेबलवर तेच नाव.

इथे घाबरवायचं नाही, म्हणून मोजून लिहिते. धुऊन टाकायच्या उत्पादनातल्या बीटेनने बहुतेकांना काहीही होत नाही. पॅच टेस्टमध्ये दिसणाऱ्या सौम्य प्रतिक्रियांपैकी काही खऱ्या ॲलर्जीच्या नसतात, कारण चाचणीतलं बीटेनचं द्रावण बंद पट्टीखाली 48 तास राहिल्याने त्वचेला नुसता त्रासही देऊ शकतं. जळजळ आणि ॲलर्जी या वेगळ्या गोष्टी आहेत. जळजळ प्रमाणावर अवलंबून असते. पुरेसा तीव्र सर्फॅक्टंट पुरेसा वेळ ठेवला तर कुणालाही होईल. ॲलर्जी रोगप्रतिकारशक्तीच्या स्मृतीची असते. एकदा ती बसली की अगदी थोड्या प्रमाणानेही एक-दोन दिवसांनी खाज, लाली, पापुद्रे सुरू होतात, आणि ज्या दिवशी शाम्पू लावला त्या दिवशी काहीच न झाल्यामुळे माणसाला संशयही येत नाही. शाम्पूच्या ॲलर्जीत टाळू बऱ्याचदा शांत असते. लक्षणं पापण्यांवर, कपाळाच्या कडेला, कानांमागे, मानेवर दिसतात, जिथून फेस ओघळतो तिथे. रुग्ण डोळ्यांचं क्रीम बदलत राहतो, काजळ बदलत राहतो, शाम्पू तोच ठेवतो. तो शाम्पू बऱ्याचदा ‘सौम्य’, ‘सल्फेट-फ्री’ लिहिलेला असतो. त्याने तो विश्वासाने, त्रास कमी व्हावा म्हणूनच घेतलेला असतो.

आता सल्फेटबद्दल. सोडियम लॉरिल सल्फेट त्वचेला त्रास देतं, हे मी नाकारत नाही. प्रयोगात मुद्दाम सौम्य दाह निर्माण करायचा असेल तर जगभरचे त्वचासंशोधक याचंच द्रावण वापरतात. ब्रिटनमध्ये कोरड्या, इसबाच्या त्वचेसाठी वर्षानुवर्षं ॲक्वियस क्रीम दिलं जायचं, त्यात ते सुमारे 1 टक्का असायचं. 2010 मध्ये बाथ विद्यापीठातल्या संशोधकांनी निरोगी माणसांच्या हातावर ते काही आठवडे लावून पाहिलं, तर त्वचेचा सर्वांत बाहेरचा थर सुमारे दहाव्या हिश्श्याने पातळ झाला होता आणि त्यातून पाणी जास्त निसटत होतं. 2013 मध्ये तिथल्या औषध नियामक संस्थेने, विशेषतः इसब असलेल्या मुलांमध्ये, या क्रीमने जळजळ होऊ शकते असा इशारा दिला. इतकं सगळं खरं आहे.

पण हे प्रकरण बारकाईने वाचा. तिथे सल्फेट त्वचेवर लावून ठेवलं जात होतं. तेच अर्धं मिनिट फेस करून धुतलं तर परिणाम फार वेगळा असतो. कॉस्मेटिक इन्ग्रेडियंट रिव्ह्यूने 1983 मध्येच हे म्हटलं होतं: थोडा वेळ लावून नीट धुण्याच्या उत्पादनांत हा घटक सुरक्षित, दीर्घकाळ त्वचेवर राहणाऱ्या उत्पादनांत 1 टक्क्यापेक्षा जास्त नको. म्हणजे जवळपास तीस वर्षं आधीच प्रश्न नावाचा नव्हता, वेळेचा आणि प्रमाणाचा होता. 1990 च्या दशकाच्या अखेरीस ईमेलमधून पसरलेली ‘सल्फेटने कर्करोग होतो’ ही अफवा निराधार होती, आणि तिच्याच भीतीवर ‘सल्फेट-फ्री’ हे दोन शब्द आजही उभे आहेत. सोडियम लॉरेथ सल्फेट हा वेगळा, त्याच्यापेक्षा मवाळ घटक आहे हेही तुम्ही सांगत नाही. त्याच्या निर्मितीत 1,4-डायऑक्सेनचा अंश राहू शकतो आणि तो निर्वात पद्धतीने काढता येतो. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था 1,4-डायऑक्सेनला माणसात कर्करोगाची शक्यता असलेल्या गटात ठेवते. इथेही मुद्दा तोच: घटकाचं नाव काढून टाकण्यापेक्षा अवशेष किती आहेत ते बघा आणि सांगा.

आणि सल्फेट काढल्यावर तुम्ही त्याच्या जागी काय घालता? फेस तर ग्राहकाला हवाच असतो, कारण फेस म्हणजे स्वच्छता असं त्याला तुम्हीच शिकवलं आहे. सफाई मायसेल करतात, फेस नाही. मग बऱ्याच सूत्रांत सोडियम सी 14-16 ओलेफिन सल्फोनेट येतं. हाही ऋण भाराचाच सर्फॅक्टंट आहे, तेलही जोरात काढतो, आणि ‘सल्फेट’ नाही एवढ्याच तांत्रिक कारणाने लेबलवर मिरवतो. नाहीतर बीटेनचं प्रमाण वाढतं. बीटेन वाढला की त्याच्याबरोबर अवशेषांचं एकूण प्रमाणही वाढतं. सल्फेटमुळे त्रास होईल म्हणून बाजूला झालेला माणूस, ज्याची त्वचा आधीच फाटलेली आहे, तो बीटेनच्या अवशेषांना जास्त सामोरा जातो. इसबाने मोडलेल्या त्वचेतून ॲलर्जन सहज आत शिरतात, हे त्वचारोगतज्ज्ञ तुम्हाला सांगतील. ज्याला सर्वांत जास्त सांभाळायला हवं, त्याच्याकडे सर्वांत कमी माहिती.

मायसेलर वॉटरबद्दल मला वेगळं आणि जरा कडक बोलायचं आहे. ‘धुण्याची गरज नाही’ हे त्याच्यावर सर्रास छापलेलं असतं. सर्फॅक्टंट असलेला द्रव कापसाने चेहऱ्यावर फिरवायचा आणि तसाच सोडायचा. मेकअप पुसून टाकणारा तो पदार्थ रात्रभर पापणीवर बसतो. तुम्ही त्यात सौम्य, विद्युतभार नसलेला सर्फॅक्टंट अल्प प्रमाणात वापरता हे मला माहीत आहे, आणि निरोगी त्वचेला त्याने बहुधा काही होत नाही. पण काहींत बीटेन किंवा त्याच्या जवळचे घटक असतात, आणि धुण्याच्या उत्पादनासाठी केलेली सुरक्षिततेची मांडणी लावून ठेवण्याच्या उत्पादनाला लागू होत नाही. ओल्या वाइप्सचंही तेच. ‘नंतर पाण्याने चेहरा धुतलात तर बरं’ एवढी एक ओळ छापायला काय अडचण आहे? उत्पादनाचा जो एकमेव फायदा सांगता, तो त्या ओळीने कमी होतो, हीच अडचण असावी.

आणखी एक गोंधळ तुमच्या यादीतूनच पसरतो. कोकामिडोप्रोपिल बीटेन, कोको-बीटेन आणि नुसतं बीटेन हे तीन निरनिराळे पदार्थ आहेत. कोको-बीटेनच्या निर्मितीत ते अमाइन येत नाही, पण तो त्वचेला थोडा जास्त झोंबतो. नुसतं बीटेन सर्फॅक्टंटच नव्हे. शुगर बीटमधून मिळणारा ओलावा धरणारा पदार्थ आहे. कोकामिडोप्रोपिल बीटेनची ॲलर्जी निघालेला माणूस त्याच्यापासून उगाच पळतो, आणि लॉरामिडोप्रोपिल बीटेन किंवा स्टीअरामिडोप्रोपिल डायमिथिलअमाइन मात्र त्याच्या नजरेतून सुटतं. कंडिशनरमध्ये असणारा हा दुसरा पदार्थ तर स्वतःच अमिडोअमाइन आहे. पॅच टेस्टनंतर त्वचारोगतज्ज्ञ रुग्णाला ‘अमिडोप्रोपिल’ असलेली नावं टाळायला सांगतात ते यामुळे. ज्यांना हे लागू आहे त्यांनी नावातला तो तुकडा शोधावा, ‘बीटेन’ हा शब्द नव्हे.

‘नारळापासून बनवलेलं’ ही ओळ मला सर्वांत खटकते. मेदाम्लाची साखळी नारळाची असते, हे खरं. पण ॲलर्जी देणारा अमाइनचा भाग नारळाचा नाही, कारखान्यातल्या संश्लेषणाचा आहे. नारळाची ॲलर्जी असलेल्यांना या घटकाची धास्ती वाटते, तीही याच ओळीमुळे. शुद्ध केलेल्या मेदाम्लांत ती ॲलर्जी देणारी प्रथिनं नसतात. उगमाची गोष्ट सांगून तुम्ही शुद्धतेची गोष्ट टाळता. ‘हायपोअलर्जेनिक’चीही तीच गत. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने 1975 मध्ये या शब्दामागे चाचणीचा पुरावा मागणारा नियम केला होता. 1977 मध्ये तिथल्या न्यायालयाने तो अवैध ठरवला, आणि तेव्हापासून तिथे तो शब्द म्हणजे कंपनी ठरवेल तो अर्थ. युरोपात ‘फ्री’च्या दाव्यांवर थोडा तरी लगाम आहे. 2013 च्या नियमांना जोडलेल्या आणि जुलै 2019 पासून लागू असलेल्या मार्गदर्शक सूचना सांगतात की परवानगी असलेल्या, सुरक्षित घटकाबद्दल गैरसमज पसरवणारे ‘नाही’चे दावे करू नयेत. जिथे असं बंधन नाही तिथेही तुम्हाला कुणी रोखलेलं नाही. स्वतःहून पाळता येईल.

मी काय मागते? लेबलवर, निदान क्यूआर कोडमागच्या माहितीत, उत्पादनाचा सामू (पीएच) छापा. त्वचेचा बाहेरचा थर साधारण 4.5 ते 5.5 सामूवर असतो. साबणाचा 9 ते 10 असतो. ‘पीएच बॅलन्स्ड’ लिहिण्यापेक्षा आकडा लिहा, आकड्याने वाद मिटतो. सर्फॅक्टंटचं सक्रिय प्रमाण एका पट्ट्यात सांगा, अचूक सूत्र नको. ‘बीटेन 5 टक्के’ म्हणजे पिंपातला द्रव 5 टक्के की त्यातला सक्रिय भाग 5 टक्के, हेही स्पष्ट करा. पिंपातल्या द्रवात सक्रिय भाग साधारण 30 टक्के असतो, त्यामुळे दोन्हींत तिपटीपेक्षा जास्त फरक पडतो. आणि बीटेन ज्या खेपेतून आला तिच्यात मूळ अमाइन आणि अमिडोअमाइन किती होतं, त्याची कमाल मर्यादा जाहीर करा. हे तुमच्याकडे आहे. पुरवठादार प्रत्येक खेपेबरोबर विश्लेषणाचं प्रमाणपत्र देतो. त्यात घन पदार्थ, सक्रिय भाग, मीठ, सामू आणि मुक्त अमाइन यांचे आकडे असतात. मी असली प्रमाणपत्रं पाहते. काहींत मुक्त अमाइनच्या रकान्यात ठोस आकडा असतो. काहींत ‘विनिर्देशानुसार’ एवढाच शब्द असतो, आणि विनिर्देश कुठला ते लिहिलेलं नसतं. खरेदी विभाग स्वस्त पिंप निवडतो तेव्हा हा रकाना कुणी वाचतो का, हे गुणवत्ता विभागाने स्वतःला प्रामाणिकपणे विचारावं. कमी अवशेषांचा माल मिळतो. तो थोडा महाग असतो. लहान मुलांच्या आणि संवेदनशील त्वचेच्या उत्पादनात तरी दुसरा माल जाऊ नये.

सूत्ररचनाकारांना एक विनंती. तुमच्यापैकी अनेकांना हे सगळं माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. जाहिरात विभागाने ‘सल्फेट-फ्री’ मागितलं की तुम्ही कपाळाला हात लावता, हे मी खाजगीत अनेकदा ऐकलं आहे. सल्फेट आणि बीटेन यांचं नीट जुळवलेलं, सामू योग्य असलेलं, जपून प्रमाण ठेवलेलं सूत्र एखाद्या घाईघाईच्या ‘फ्री’ सूत्रापेक्षा त्वचेला मवाळ असू शकतं. हे बैठकीत बोला. आकडे घेऊन बोला. तुमचं म्हणणं लेखी राहू द्या.

हात दिवसभर ओले असणाऱ्या माणसांबद्दल मात्र मी कुणालाही सवलत द्यायला तयार नाही. केशकर्तनालयात डोकी धुणारे, रुग्णालयांतल्या परिचारिका, भांडी आणि फरशी धुणारे कामगार यांचे हात दिवसातून अनेक वेळा फेसात जातात. त्यांच्यासाठी ‘धुऊन टाकायचं उत्पादन’ ही वर्गवारीच खोटी ठरते. एक धुणं संपायच्या आत दुसरं सुरू होतं आणि बोटांच्या मधल्या जागेत फेस राहतो. पाण्याने आणि सर्फॅक्टंटने थर आधीच उसवलेला, आणि त्यावर ॲलर्जन. केशरचनाकारांमध्ये हातांचा त्वचादाह हा व्यवसायजन्य आजार म्हणून वर्षानुवर्षं नोंदला जातो, काहींना त्यापायी काम सोडावं लागतं. मोठ्या कॅनमधून जाणाऱ्या व्यावसायिक शाम्पूंच्या लेबलवर तर किरकोळ बाटलीइतकीही माहिती नसते. तुमची सुरक्षिततेची गणितं एका माणसाने दिवसातून एकदा डोकं धुण्यावर आधारलेली असतील, तर या हातांसाठी वेगळी गणितं करा आणि हातमोजे घालण्याची सूचना कॅनवर ठळक छापा.

शेवटची मागणी त्वचारोगतज्ज्ञांच्या वतीने. रुग्णाला कोणत्या घटकाची ॲलर्जी आहे हे शोधायचं तर पॅच टेस्टला उत्पादनातले घटक सुटे लागतात, आणि ते नेमके तुम्ही वापरलेल्या खेपेतले हवेत, कारण दोष खेपेतल्या अवशेषात असू शकतो. डॉक्टर त्यासाठी कंपनीला पत्र लिहितात. काही कंपन्या तत्परतेने नमुने पाठवतात, आणि त्यांचे मी मनापासून आभार मानते. बाकीच्यांकडून ‘आमचं उत्पादन सर्व नियमांचं पालन करतं’ अशी छापील ओळ येते, किंवा काहीच येत नाही. प्रत्येक बाटलीवर एक ईमेल पत्ता द्या, जिथे त्वचारोगतज्ज्ञाने खेप क्रमांक लिहिला की ठराविक मुदतीत त्या खेपेतला बीटेन आणि त्याचं विश्लेषण प्रमाणपत्र पोहोचेल. ती मुदत बाटलीवर छापा, म्हणजे पापण्या सुजलेल्या रुग्णाला डॉक्टर सांगू शकतील की उत्तर कधी येणार आहे.

आपल्या उत्तराच्या प्रतीक्षेत,
कच्च्या मालाच्या तपासणीत काम करणारी एक रसायनशास्त्रज्ञ